हुकूमवहीतील अवज्ञा

लष्करी इतिहासाची साधने म्हटली की लढायांचे वृत्तान्त, सेनापतींचा पत्रव्यवहार, तहनामे आणि खर्चाचे ताळेबंद एवढ्यांचाच सहसा विचार होतो. त्या मानाने छावणीत किंवा जहाजावर रोजच्या रोज निघणारे हुकूम ज्या वह्यांत उतरवून घेतले जात, त्या वह्या उपेक्षित राहिल्या. इंग्रजी परंपरेत भूदलाच्या अशा वहीला 'ऑर्डर्ली बुक' आणि आरमाराच्या वहीला 'ऑर्डर बुक' म्हणत. येथे दोहोंसाठी 'हुकूमवही' असा एकच शब्द वापरला आहे. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतील अशा वह्या आज वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये, लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात, ब्रिटिश लायब्ररीत, ग्रिनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात आणि अनेक लहानमोठ्या इतिहास-संस्थांत जतन केलेल्या आहेत. पहारा कोणाचा, कवायत किती वाजता, शौचाचे खड्डे कोठे खणायचे, दारूचा वाटा किती, असला मजकूर त्यांत पानोपानी भरलेला असल्यामुळे वरवर चाळणाऱ्याला त्या रूक्ष वाटतात. परंतु हुकूम हा झालेल्या गोष्टीचा पुरावा नसतो, तो हुकूम देणाऱ्याच्या अपेक्षेचा पुरावा असतो. आणि ज्या गोष्टीला मनाई करावी लागते ती गोष्ट कोठेतरी घडत असते, हे ध्यानात ठेवून या वह्या वाचल्या, तर शिस्तीचे दप्तर म्हणून लिहिलेला हा मजकूर बेशिस्तीचा सर्वांत तपशीलवार इतिहास ठरतो. तोच हुकूम महिन्याभरात तीनदा निघालेला दिसला, तर पहिले दोन कोणी मानले नाहीत एवढे निश्चित समजावे.

भूदलातील हुकूमवही कशी तयार होई हे पाहिले म्हणजे तिचे स्वरूप कळते. इंग्रजी सैन्यात, आणि त्याचीच पद्धत उचललेल्या अमेरिकन वसाहतींच्या सैन्यात, मुख्य तळावर ठरलेल्या वेळी सेनापतीचे हुकूम मोठ्याने वाचले जात आणि प्रत्येक ब्रिगेडचा, म्हणजे काही पलटणींच्या गटाचा, 'ब्रिगेड मेजर' ते आपल्या वहीत उतरवून घेई. तो परत जाऊन ते प्रत्येक पलटणीच्या 'ॲडज्युटंट'ला, म्हणजे पलटणीचा दैनंदिन कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्याला सांगे. ॲडज्युटंट त्यात पलटणीपुरते हुकूम जोडून कंपन्यांच्या सार्जंटांकडून ते तोंडी सांगून लिहवून घेई, आणि हे सार्जंट शेवटी हजेरीच्या वेळी शिपायांपुढे वाचून दाखवत. अशा रीतीने सकाळी निघालेला एकच हुकूम संध्याकाळपर्यंत अनेक वह्यांत आणि अनेक हस्ताक्षरांत पसरे. सार्जंट फारसे शिकलेले नसत, ते कानाला जसे ऐकू येई तसे लिहीत, आणि त्यामुळे एखाद्या गावाचे किंवा अधिकाऱ्याचे नाव चार वह्यांत चार प्रकारांनी आढळते. रोजच्या नोंदीच्या माथ्यावर स्थळ, तारीख आणि त्या दिवसाचे परवलीचे शब्द असत. हे शब्द दोन असत: एक पहाऱ्याची तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी आणि दुसरा पहारेकऱ्याने अडवल्यावर ओळख पटवण्यासाठी. इंग्रज सैन्य बोस्टन सोडून गेले त्या १७ मार्च १७७६ या दिवशी अमेरिकन सैन्याचा सेनापती जॉर्ज वॉशिंग्टन याच्या हुकमांत 'बोस्टन' आणि 'सेंट पॅट्रिक' ही जोडी दिलेली आहे. तो सेंट पॅट्रिकच्या सणाचा दिवस होता आणि वॉशिंग्टनच्या सैन्यात आयरिश वंशाचे लोक पुष्कळ होते, हे लक्षात घेता ही निवड सहज झालेली दिसत नाही.

वॉशिंग्टनने जुलै १७७५ च्या आरंभी बोस्टनजवळच्या केंब्रिज येथे सैन्याची सूत्रे हाती घेतली, तेव्हापासूनचे त्याचे हुकूम जवळजवळ अखंड उपलब्ध आहेत आणि या वाङ्मयप्रकाराचा सर्वांत समृद्ध नमुना म्हणून त्यांकडेच बोट दाखवावे लागते. ४ जुलैच्या हुकमात त्याने निरनिराळ्या वसाहतींच्या फौजा आता एकच सैन्य झाल्या असून वसाहतीवसाहतींतला भेदभाव विसरला जावा, अशी इच्छा व्यक्त केली. पण दहाच दिवसांनी काढलेला हुकूम या ऐक्याची खरी अवस्था सांगतो: सैन्याला गणवेश नसल्यामुळे पहारेकरी आपल्याच सेनापतींना ओळखत नव्हते, आणि म्हणून सरसेनापतीने कोट व बंडी यांच्यामधून छातीवर फिकट निळी फीत बांधावी, मेजर जनरल व ब्रिगेडियर यांनी गुलाबी आणि त्यांच्या मदतनिसांनी हिरवी, असे ठरवून द्यावे लागले. पुढे २३ जुलैला खालच्या अधिकाऱ्यांसाठी टोपीवरचे रंगीत फुंदे आणि सार्जंटांसाठी उजव्या खांद्यावर तांबड्या कापडाची पट्टी आली. याच जुलैमध्ये शौचाचे खड्डे आठवड्यातून एकदा बुजवून नवे खणावेत, तंबूंमधल्या वाटा रोज झाडाव्यात, आणि छावणीजवळ पडलेली मेलेली जनावरे व खाटिककामातली घाण ताबडतोब पुरावी, असेही बजावलेले आहे. शेतकरी, कोळी आणि कारागीर यांतून घाईघाईने उभ्या राहिलेल्या या जमावाला एका जागी हजारोंच्या संख्येने राहण्याची सवय नव्हती, आणि आजाराने जितकी माणसे जात तितकी गोळीने जात नसत, ही गोष्ट वॉशिंग्टन पूर्वीच्या फ्रेंचांविरुद्धच्या मोहिमांत शिकला होता.

४ ऑगस्ट १७७५ चा हुकूम तर या विवेचनाच्या दृष्टीने फारच बोलका आहे. छावणीत आणि आसपास विनाकारण बंदुका उडवू नयेत असे वारंवार बजावूनही तो प्रकार रोज, किंबहुना तासातासाला चालू असल्याचे पाहून सेनापतीला संताप आणि लाज वाटते, असा त्याचा आशय आहे. म्हणजे अवज्ञेची कबुली खुद्द हुकमातच दिलेली आहे. तथापि या संतापाचे खरे कारण त्या वहीत कोठेही सापडत नाही. आदल्याच दिवशी युद्धमंडळाच्या बैठकीत बंदुकीच्या दारूच्या साठ्याचा नवा हिशेब समोर आला होता, आणि तो माणशी सुमारे ९ बारांपेक्षा जास्त पुरणार नाही असे आढळले होते. ही बातमी शत्रूला कळली असती तर बोस्टनमधील इंग्रज सैन्याला घातलेला वेढा उठवावा लागला असता, म्हणून ती पत्रांतून अत्यंत गुप्तपणे वसाहतींच्या काँग्रेसला कळवण्यात आली आणि शिपायांना मात्र शिस्तीचे कारण सांगण्यात आले. हुकूमवही शेकडो कानांवर पडायची असल्यामुळे तीत काय लिहायचे नाही याचाही हिशेब होता. १७७७ च्या आरंभी संपूर्ण सैन्याला देवीची टोचणी करून घेण्याचा जो मोठा निर्णय झाला, त्याचाही गवगवा होऊ दिला गेला नाही, कारण टोचलेली माणसे काही आठवडे लढण्याजोगी नसत. तेव्हा केवळ हुकूमवहीवर विसंबणारा अभ्यासक छावणीतल्या चोऱ्या, शिव्या आणि जुगार यांविषयी पुष्कळ सांगू शकेल, पण सेनापतीच्या डोक्यात काय चालले होते यासाठी त्याला पत्रांच्या दप्तराकडेच जावे लागेल.

छोट्या गोष्टींच्या बाबतीत मात्र या वह्यांची बरोबरी दुसरे कोणतेही साधन करत नाही. २२ ऑगस्ट १७७५ ला निघालेला एक हुकूम असा की, शिपायांनी नदीत आंघोळ करण्याला सेनापतीची हरकत नाही, परंतु केंब्रिजच्या पुलाजवळ आंघोळ करणे यापुढे बंद व्हावे, कारण लाजलज्जा सोडून काही जण पुलावरून नागडे धावताना दिसले असून त्या वेळी प्रतिष्ठित घरांतील स्त्रियाही तेथून जात असतात. हा मजकूर त्या दिवशी झाडून साऱ्या पलटणींपुढे गंभीर चेहऱ्याने वाचला गेला असणार, आणि ऐकणाऱ्यांनी तो किती गांभीर्याने घेतला असेल याची कल्पना करता येते. पुढच्या वर्षी ९ जुलै १७७६ ला न्यूयॉर्क येथे संध्याकाळी ६ वाजता स्वातंत्र्याचा जाहीरनामा सर्व ब्रिगेडींपुढे वाचावा असा हुकूम आहे. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत तो क्षण उल्लेखला जातो; त्या रात्री शहरातल्या चौकातील तिसऱ्या जॉर्ज राजाचा पुतळा जमावाने पाडला हेही सांगितले जाते. हुकूमवहीत पुढच्या दिवशी या पुतळ्याबद्दल नाराजी आहे: करणाऱ्यांचा उत्साह समजण्यासारखा असला तरी तो प्रकार दंग्यासारखा दिसला, आणि असली कामे शिपायांनी योग्य अधिकाऱ्यांवर सोपवावीत. राज्यक्रांतीच्या दुसऱ्याच दिवशी क्रांतिकारक सैन्याचा सेनापती शांततेचा मुद्दा मांडत होता. त्यानंतर चार आठवडेही उलटले नाहीत तोच, ३ ऑगस्टला, शिव्याशापांचा व्यसनासारखा फैलाव होत असल्याबद्दल खेद व्यक्त करणारा हुकूम येतो. अमेरिकन सैन्याच्या उरलेल्या इतिहासावरून पाहता त्याचा फारसा परिणाम झाला असे म्हणता येत नाही.

हुकूम आणि घडलेली गोष्ट यांच्यातले अंतर मोजता येण्याची संधी क्वचित मिळते. पेनसिल्व्हेनियातील व्हॅली फोर्ज येथे ती मिळाली आहे. १८ डिसेंबर १७७७ च्या हुकमाने हिवाळ्याच्या मुक्कामासाठी लाकडी ओंडक्यांच्या झोपड्या बांधण्याचे माप ठरवून दिले: लांबी १६ फूट, रुंदी १४ फूट, भिंती साडेसहा फूट उंच, चुलाण्याच्या लाकडी धुरांड्याला आतून १८ इंच जाडीचा मातीचा थर, आणि एका झोपडीत १२ शिपाई. प्रत्येक पलटणीत सर्वांआधी आणि सर्वांत नीटनेटकी झोपडी उभारणाऱ्या गटाला १२ डॉलर बक्षीस, आणि फळ्या मिळत नसल्यामुळे छपरासाठी स्वस्त व लवकर होणारा पर्याय सुचवणाऱ्याला १०० डॉलर, असेही त्यात जाहीर केले होते. या जागी विसाव्या शतकात झालेल्या उत्खननांत झोपड्यांचे जे अवशेष निघाले, त्यांची मापे एकमेकांशी जुळत नाहीत. काही लहान आहेत, काहींची जमीन खोल खणलेली आहे, आणि चुलाणे कोठे असावे याबद्दलही एकवाक्यता नाही. थंडीने गारठलेल्या, हत्यारे अपुरी असलेल्या माणसांनी हाताशी आलेल्या लाकडांच्या लांबीप्रमाणे घर बांधले, आणि तपासणी करणाऱ्यांनीही ते चालवून घेतले असावे. यात अवज्ञेपेक्षा नाइलाज अधिक होता, आणि कागदावर मात्र त्या दोहोंत काही फरक दिसत नाही.

या हुकमांच्या अनेक प्रती उरल्या, हे त्यांचे एक वैशिष्ट्य. मुख्य तळाच्या प्रतीत एखादा दिवस गहाळ असला तर पलटणीच्या एखाद्या सार्जंटाच्या वहीतून तो भरून काढता येतो, आणि उलट मुख्य प्रतीत नसलेले पलटणीपुरते हुकूम, स्थानिक शिक्षा आणि कामाच्या वाटण्या केवळ खालच्या वह्यांतच सापडतात. कागद दुर्मीळ असल्यामुळे या खालच्या वह्यांच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहिणाऱ्याने आपले उधारीचे हिशेब, औषधांच्या कृती किंवा सहीचा सराव केलेला असतो, आणि युद्धानंतर ती वही घरी नेली गेल्यामुळे पिढ्यांनंतर एखाद्या गावच्या इतिहास-मंडळाकडे जमा झालेली असते. वॉशिंग्टनला स्वतःला या कागदपत्रांचे मोल ठाऊक होते. १७८१ मध्ये त्याने रिचर्ड व्हॅरिक या अधिकाऱ्याची नेमणूक करून आपल्या युद्धकालीन दप्तराच्या सुवाच्य नकला तयार करवल्या. हे काम न्यूयॉर्क राज्यातील पकीप्सी या गावी बसून कारकुनांनी १७८३ पर्यंत पूर्ण केले आणि त्याचे मोठ्या आकाराचे ४४ खंड झाले. नकलांची शुद्धता वाखाणण्याजोगी असली, तरी शुद्धलेखन सुधारून, खाडाखोड काढून तयार झालेला हा संच भावी पिढ्यांनी वाचावा म्हणून सिद्ध केलेला होता. छावणीत लिहिलेल्या सार्जंटाच्या वहीपुढे असला कोणताही हेतू नव्हता, आणि म्हणून तिच्यावर अधिक विश्वास ठेवावासा वाटतो.

आरमाराची गोष्ट निराळी. जहाज ही एकच बंदिस्त जागा असल्यामुळे हुकूम पायरीपायरीने खाली उतरवण्याची गरज नव्हती. कप्तानाची एक वही अधिकाऱ्यांना सहज मिळेल अशा जागी ठेवलेली असे, तिच्यातील मजकूर त्यांनी वाचायचा आणि लागेल तसा उतरवून घ्यायचा. ब्रिटिश नौखात्याने १७३१ मध्ये समुद्रावरील सेवेचे नियम पहिल्यांदा एकत्र छापले आणि १८०६ मध्ये त्यांची विस्तृत सुधारित आवृत्ती काढली. परंतु या छापील नियमांत जहाजावरील रोजच्या जगण्याचा बराचसा भाग मोकळा सोडलेला होता आणि तो प्रत्येक कप्तान आपल्या समजुतीप्रमाणे भरून काढी. झोपण्याचे झोले सकाळी गुंडाळून कठड्यालगतच्या जाळ्यांत कसे रचावेत, अंथरुणे केव्हा उन्हात घालावीत, कपडे धुण्याचे वार कोणते, तळमजल्यांत हवा खेळती कशी ठेवावी, उघडा दिवा कोठेही न नेता कंदिलातच न्यावा आणि तंबाखू फक्त भटारखान्यातच ओढावी, असा तपशील या वह्यांत येतो. १७८० च्या सुमारास रूढ होऊ लागलेली 'डिव्हिजन' पद्धतही, म्हणजे खलाशांचे गट पाडून प्रत्येक गटाचे कपडे, स्वच्छता आणि वर्तन यांची जबाबदारी एकेका लेफ्टनंटवर टाकण्याची रीत, वरून आलेल्या नियमांपेक्षा अशा वह्यांतून एका जहाजावरून दुसऱ्या जहाजावर गेली. चांगल्या कप्तानाच्या हाताखाली वाढलेला लेफ्टनंट त्याच्या हुकमांची नक्कल जवळ ठेवी आणि स्वतः कप्तान झाला की तीच थोड्याफार फरकाने पुन्हा लिही. याशिवाय 'रात्रीची हुकूमवही' वेगळी असे: कप्तान झोपायला जाण्यापूर्वी जहाजाची दिशा, शिडांची स्थिती आणि कोणत्या प्रसंगी आपल्याला उठवावे हे तीत लिहून ठेवी. ताफ्यात एकत्र असताना सेनापतीच्या जहाजावरून झेंड्यांची खूण होई आणि प्रत्येक जहाजावरून एक अधिकारी वही घेऊन होडीने तेथे जाई.

जहाजाचा प्रवासलेख, म्हणजे लॉग, नौखात्याकडे जमा केल्याशिवाय कप्तानाच्या पगाराचा हिशेब पुरा होत नसे, म्हणून लॉगच्या रांगाच्या रांगा क्यूच्या अभिलेखागारात आहेत. कप्तानाने स्वतः काढलेल्या हुकमांच्या वहीला असा आधार नव्हता; ती बहुतेक वेळा त्याच्याबरोबर घरी गेली, आणि त्याचे कुटुंब कागद जपणारे निघाले तरच टिकली. टिकलेल्यांपैकी 'पेगॅसस' या जहाजाची वही प्रसिद्ध आहे, कारण तिचा कप्तान होता राजपुत्र विल्यम हेन्री, जो पुढे चौथा विल्यम म्हणून इंग्लंडचा राजा झाला. ऐन विशीत जहाजाचा स्वामी झालेल्या या तरुणाने बारीकसारीक गोष्टींवर एकामागून एक कडक हुकूम काढले, आणि त्याच्या जोडीला नौखात्याने एक अनुभवी माणूस असावा म्हणून दिलेला पहिला लेफ्टनंट आयझॅक शॉम्बर्ग याच्याशी त्याचे पटेनासे झाले. जानेवारी १७८७ मध्ये वेस्ट इंडीज बेटांत असताना शॉम्बर्गने परवानगीवाचून एक होडी किनाऱ्यावर पाठवली, तेव्हा राजपुत्राने त्याची कानउघाडणी एकांतात न करता जहाजाच्या हुकूमवहीतच केली. ही वही सर्व अधिकारी वाचत असल्यामुळे तो जाहीर अपमान ठरला, आणि शॉम्बर्गने उत्तरादाखल स्वतःवरच कोर्ट मार्शल, म्हणजे लष्करी न्यायालयाची चौकशी, बसवण्याची मागणी केली. त्या ठाण्यावरील वरिष्ठ असलेल्या होरेशिओ नेल्सनने राजपुत्राची बाजू घेऊन शॉम्बर्गला अटकेत ठेवले, क्षुल्लक कारणांवरून अशी मागणी करणाऱ्यांविरुद्ध स्वतःचा एक हुकूम काढला, आणि मग हे लचांड आपल्या गळ्यातून काढण्यासाठी जहाज जमैकाकडे रवाना केले. तेथे ते प्रकरण न्यायालयापर्यंत न जाता मिटवले गेले. एरवी हुकूम पाळले गेले की नाही एवढाच प्रश्न उरतो. येथे हुकूम लिहिण्याची कृती हाच गुन्हा मानावा इतके त्या वहीचे वजन होते, आणि पुढच्या काळातील नेल्सनच्या चाहत्यांना हा प्रसंग थोडा अडचणीचाच वाटत आला आहे.

नेल्सनने पुढे जे शिकून घेतले ते ९ ऑक्टोबर १८०५ च्या, ट्रफाल्गरच्या लढाईपूर्वी १२ दिवस काढलेल्या टिपणात दिसते. १७९७ मध्ये उजवा हात गमावल्यापासून तो डाव्या हाताने लिही. त्या हाताने लिहिलेला, खाडाखोडीने भरलेला मसुदा ब्रिटिश लायब्ररीत आहे आणि त्याच्या नकला सर्व कप्तानांना वाटण्यात आल्या. आपला ताफा दोन रांगांनी शत्रूची ओळ कशी तोडील हे सांगून झाल्यावर समुद्रावरच्या लढाईत काहीच निश्चित नसते, हे तो मान्य करतो, आणि निशाणे दिसेनाशी झाली किंवा कळली नाहीत तर आपले जहाज शत्रूच्या जहाजाला भिडवणारा कप्तान कधीच फार चुकणार नाही, अशा आशयाची मोकळीक देतो. अवज्ञा होणारच हे गृहीत धरून तिलाच योजनेत जागा करून देणारा हा हुकूम आहे. अशा हुकमांची संख्या कोणत्याही अभिलेखागारात फार नाही.

मराठी राज्यांत या अर्थाची हुकूमवही आढळत नाही, आणि त्याचे कारण लेखनाच्या अभावात नसून सैन्याच्या रचनेत आहे. सरदार आपापल्या सरंजामावर पथके बाळगीत. वरून आलेला हुकूम सरदाराच्या नावे पत्राने जाई, छावणीत तो दवंडीने कळवला जाई, आणि सरकारी बाजूला त्याची नोंद 'रोजकीर्दी'त, म्हणजे जमाखर्च व आज्ञा यांच्या दैनंदिन बाडात, होई. पुण्याच्या पेशवे दप्तरातील मोडी रुमालांतून हे साहित्य आहे; गणेश चिमणाजी वाड यांनी सातारकर राजे व पेशवे यांच्या रोजनिश्यांतून केलेली निवड आणि गो. स. सरदेसाई यांनी संपादित केलेले पेशवे दप्तराचे ४५ खंड यांमुळे त्याचा काही भाग छापील रूपात मिळतो. तथापि छावणीच्या शिस्तीचा दस्तऐवज म्हणून कोणत्याही युरोपीय हुकूमवहीच्या शेजारी ठेवावे असे एक पत्र शिवकालातले आहे. १६७३-७४ च्या सुमाराचे हे पत्र चिपळूण तालुक्यातील हळवर्ण येथे छावणी करून राहिलेल्या पागेच्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना शिवाजी महाराजांनी पाठवलेले आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणागोटा व वैरण आरंभीच उधळली तर पुढे काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील. मग लोक कुणब्यांच्या घरचे दाणे, भाकऱ्या, लाकूड, भाजी ओढून आणू लागतील आणि रयतेला मोगल परवडले असे वाटेल. म्हणून जे हवे ते बाजारातून पैसे देऊन घ्यावे, असा त्याचा रोख आहे. त्यापुढचा भाग आगीविषयी आहे: कोणी स्वयंपाक करील, कोणी तंबाखू ओढील, गवताच्या गंजीजवळ ठिणगी पडेल, रात्री दिवा तसाच राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि सारी पागा जळून जाईल. कंदील आणि तंबाखू यांविषयीचे ब्रिटिश कप्तानांचे हुकूम याच काळजीतून निघाले. फरक असा की, येथे प्रत्येक मनाईमागचे कारण उलगडून सांगितलेले आहे. आरमाराच्या बाबतीत रामचंद्रपंत अमात्यांचे १७१५ च्या सुमाराचे 'आज्ञापत्र' कायम स्वरूपाच्या नियमावलीचे काम करते: जहाजे फार थोर किंवा फार लहान नसावीत, पावसाळ्यात ती किल्ल्याच्या आश्रयाच्या बंदरात आळीपाळीने छावणीस ठेवावीत, सावकारी गलबतांना त्रास देऊ नये, आणि लाकडासाठी रयतेची आंब्याफणसाची झाडे तिच्या राजीखुशीशिवाय व मोल दिल्याशिवाय तोडू नयेत. असे नियम घालून द्यावे लागले, यावरून ती झाडे तोडली जात होती हे उघडच आहे.

इंग्रजी पद्धतीची हुकूमवही मराठी मुलखात आली ती ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणींबरोबर. १८०३ मध्ये आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, म्हैसूरकडून निघून एप्रिलमध्ये पुण्यास पोचला, ऑगस्टमध्ये त्याने अहमदनगर घेतले, २३ सप्टेंबरला असईची आणि २९ नोव्हेंबरला आडगावची लढाई जिंकली आणि १५ डिसेंबरला गाविलगड काबीज केला. या मोहिमेत त्याच्या हुकमांचा आणि पत्रांचा मोठा भाग बैल, धान्य वाहणारे वंजारी, डोल्या उचलणारे भोई आणि छावणीमागचा बाजार यांनीच व्यापलेला आहे. लूट होऊ नये यावर त्याचा जो कटाक्ष होता त्यामागे दयेपेक्षा हिशेब अधिक होता: गावकरी पळून गेले तर धान्य विकायला कोणी उरत नाही आणि धान्य नसले तर तोफा जागच्या हालत नाहीत. हळवर्णच्या पत्रातील तर्क सव्वाशे वर्षांनंतर दुसऱ्याच सत्तेच्या वहीत असा पुन्हा उतरलेला दिसतो. कंपनीच्या बाजूचे या काळातील लष्करी व सागरी खात्यांचे कागद मुंबईच्या राज्य अभिलेखागारात, आणि लंडनला पाठवलेल्या नकला व पुढच्या काळातले छापील हुकूम ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिस संग्रहात आहेत. पणजीच्या पुराभिलेखागारातील 'मोन्सून बुके', म्हणजे दरवर्षी मोसमी वाऱ्यांबरोबर लिस्बनहून येणाऱ्या राजाज्ञा आणि त्यांची उत्तरे यांची बाडे, हा याच्या आधीचा आणि वेगळ्या धाटणीचा संग्रह. त्यात ताफ्यांविषयीचे हुकूम पुष्कळ असले, तरी ते दरबारातून निघालेले आहेत, डेकवर लिहिलेले नाहीत.

वेलिंग्टनचे हुकूम जॉन गरवुड या त्याच्या संपादकाने १८३० च्या दशकात निवड करून छापले, पुढे वेलिंग्टनच्या मुलाने पुरवणी खंडांत भारतातील कागदांची भर घातली, आणि मूळ कागदपत्रांचा मोठा संग्रह १९८३ पासून साउदॅम्प्टन विद्यापीठात आहे. छापील निवडीने अभ्यासकांची सोय झाली; पण निवड करणारा संपादक एकाच विषयावरचे पाच हुकूम छापत नाही, त्यांतला सर्वांत नीट मांडलेला एक घेतो आणि बाकीचे पुनरुक्ती म्हणून गाळतो. लुटीविरुद्धचा हुकूम एकदाच निघाला आणि पाळला गेला, असा समज छापील पुस्तक वाचणाऱ्याचा होण्याचा संभव त्यामुळे राहतो. तो किती वेळा, किती दिवसांच्या अंतराने आणि कोणत्या वाढत्या शिक्षेसह पुन्हा काढावा लागला, हे मोजायचे असेल तर मूळ बाडे क्रमाने उलटावी लागतात, आणि त्यांच्या बरोबरीने त्याच तारखांच्या पलटणींच्या वह्याही.